तांब्याचे हात

गावाच्या नावात दर्या आहे, एवढंच.
बाकी पूर्णेकडं उतरत गेलेलं काळं रान
आणि डाळ शिजत नाही असलं बोअरचं पाणी.

तीस वर्षं जळक्या मोटारी उघडतोय मी.
पंख्यावर पांढरा थर असतो,
तो नखानं खरवडून जिभेवर ठेवला
की कळतं मोटार कोणाच्या शेतातली.

म्हणून धर्माळे हसला टाकी पाहून,
"खाऱ्या पाण्याची काय कमी हाय बाप्पा आपल्याइथं?
लाव नळी, सोड बोअरचं."
त्याला कसं सांगू, सगळं खारं सारखं नसतं.
त्याच्याच आरोचे चार कॅन घेतले, गोडे,
आणि तोलून तोलून पुड्यातलं मीठ विरघळवलं,
समुद्राचं, पण समुद्रातून न आलेलं.
काचेचा मापक पाण्यात डुलत उभा राहिला:
एक पूर्णांक शून्य पंचवीस.

समुद्र मी एकदा ऐकलाय.
स्टार्टरचे सुटे भाग आणायला वसईला गेलो तेव्हा,
रात्री, एका भिंतीपलीकडं.
सकाळी लवकरची गाडी होती.

दगड नागपूरहून आले, कोणाच्या तरी जुन्या टाकीतले,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
कंडक्टरनं त्यांचं तिकीट फाडलं.

दुकानदारानं तेव्हाच विचारलं होतं, काम काय करता?
सांगितलं, वायंडिंग.
तो जरा गप्प झाला.
मग म्हणाला, पाण्यात हात घालू नका.
बाकी चुका पाणी पचवतं,
तांबं पचवत नाही. गोगलगाय मरते.

तेव्हापासून आतलं सगळं मंदाच्या हातचं.
बांगड्या काढून ती टीव्हीवर ठेवते,
कोपरापर्यंत बुडते,
आणि मी बाहेरून,
डावीकडं, थोडं खाली, अगं तो नाही, तो मागचा.

शाळा सुटली की पोट्टे काचेला नाकं लावतात.
"काका, मासोया कुठी हायेत?"
"यायच्या हायेत."
"कोण्या गाडीनं?"

आत विष तयार होत होतं
आणि विष खाणारेही, डोळ्यांना न दिसणारे.
दोघांची गाठ पडेपर्यंत करायचं काहीच नव्हतं.
परीक्षानळीत पिवळं हवं तिथं हिरवं यायचं,
ते ओसरलं तर दुसऱ्या नळीत निळ्याचं जांभळं.
मी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेवायचो.
वार्निश सुकल्याशिवाय मोटार देत नाही मी,
सरपंच दारात उभा राहिला तरी.
पण इथं रोज रात्री उठून बघायचो.

पाचव्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली.
गेलं, म्हटलं, सगळं गेलं.
नागपूरला फोन लावला.
"पुसू नका," तो म्हणाला, "येऊ द्या."
आली, दाटली, आणि एका गुरुवारी पाहतो तर विरळ.

मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेलं.
काचेवर टेबलफॅन, बर्फाच्या बाटल्या,
लाइन गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकी, मग आम्ही.
(यावर घरात बोलणं झालं. बरंच झालं.)
रोज बोटभर पाणी उडायचं, तेवढं गोडं घालायचं.
उडतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं.
हे मला या तालुक्यात कोणी शिकवायला नको.

दहावा आठवडा, रात्री दोन, लाइन नाही.
टॉर्चवर पतंगाचा लाल कागद बांधून पाहत होतो.
दगडाच्या एका भोकातून काहीतरी बाहेर आलं
आणि उघडलं, पंख्यासारखं,
छत्तीस गेजच्या तारेहून बारीक एकेक काडी.
मी आणला नव्हता. कोणीच आणला नव्हता.
नागपूरपासून तिकिटावर आला असेल, आत बसून.

मंदाला उठवलं.
"मासा हाय काय हा?"
"नाही."
"मंग?"
"माहीत नाही."
तिचा श्वास काचेवर आला
आणि ते मिटलं, भोक तेवढं राहिलं.

मला वाटलं ती झोपायला जाईल.
तिनं पाट ओढला, बसली,
पदरानं काचेवरची वाफ पुसली.
"लाइट बंद कर थो," म्हणाली.
इन्व्हर्टर मधूनच टीं करत होता.