किती पडली?

वेल उजवीकडे वळत चढते,
डावीकडून गुंडाळलीत तर रात्रीत सोडवून घेते स्वतःला,
हे सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.
मी सेबू शहरातला, बँकेत नोटा मोजणारा.
मला वाटलं, माझ्याविषयीच बोलतायत.

बासिलिसा त्यांचं नाव. पांगलाव बेटावर घर.
चुनखडीच्या फटींत मूठमूठ माती,
तेवढ्यावर त्यांची कोनफळं.
डिसेंबरात पहारीनं खणली,
शेवटचं वीतभर मात्र बोटांनीच,
लोखंड लागू नये म्हणून.
वर आली ती केसाळ, काळपट,
कुणाचा पंजा, कुणाचं नाक सुजल्यासारखी.
सुरी फिरवली आणि आत
जांभळं खाल्लेल्या पोराची जीभ.

"हे उकडून, ओल्या खोबऱ्याशी.
हे कुस्करून नारळाच्या दुधात, साखर घालून,
आणि ढवळायचं. हात थांबला की लागलंच खाली.
कढईची कड सोडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.
हे डोक्याकडचे तुकडे राख लावून ठेवायचे.
लावणीचे आहेत. खायचे नाहीत,
भूक लागली तरी."
'तरी' त्या जरा जोरात म्हणाल्या.

सेबूच्या बोटीचा दुसरा भोंगा झाला
आणि ताग्बिलारानच्या धक्क्यावर
माझ्या खांद्यावरचं पोतं उसवलं.

हमालांच्या पायांत, कोंबड्यांच्या खुराड्याखाली,
एक थेट पोलिसाच्या बुटाशी.
मी भराभरा वेचू लागलो.
"असं नाही," त्या म्हणाल्या, आणि गुडघे टेकले.
एकेक उचललं, माती न झटकता ओठांना लावलं,
"चुकलं हं बाळा," म्हणाल्या, मग पोत्यात.

मी लाजून आजूबाजूला पाहिलं.
कुणीच हसत नव्हतं.
पोलिसानं टोपी काखेत धरली,
बुटाजवळचं उचललं, मुका घेतला, आणून दिलं.
हमालांनी दिली. खुराडेवालीनं दिलं.
तिकीटवाला घड्याळ बघत राहिला,
फळी मात्र त्यानं ओढली नाही.

"मका उभ्यानं वाळला त्या साली,"
त्या माझ्याकडे न बघता सांगत होत्या,
"आईच्या घरात नऊ तोंडं.
विहीर कोरडी, देवळाची शिधाकोठीसुद्धा.
जमिनीखाली हे होतं."

एक पाण्यात गेलं होतं.
काठाशी ओणवून त्यांनी बराच वेळ पाहिलं,
मग आपलीच बोटं ओठांना लावून
ओल्या दगडावर टेकवली.

शेवटचं माझ्या हातात.
गळ्यात बँकेचं ओळखपत्र, इस्त्रीचा शर्ट,
आणि तिसरा भोंगा.

दोन तास समुद्रात दाताखाली कचकच.
दार उघडून मेर्लिंदानं पोत्याकडे पाहिलंच नाही,
माझ्या ओठाकडे पाहिलं.
"किती पडली?" म्हणाली.