लंबपाद

आठवी ‘ब’चा भूमितीचा तास मुलाणी सरांनी
एकदा रणरणत्या उन्हात बाहेर काढला,
डिग्रजच्या घाटाकडे. खांद्यावर सुंभाची दोरी,
मीटरमीटरवर गाठ मारलेली, आणि हातात
गवंड्याकडून मागून आणलेला गुण्या.

ही नदी म्हणजे रेषा समजा.
सर, ती तर वाकडी हाय, धनपाल मगदूम म्हणाला.
समजा म्हटलं ना. गणितात
निम्मं काम ‘समजा’च करतं.

बिंदू म्हणून आमचं घर घेतलं.
घरापासून नदी किती लांब?
कुठल्या वाटेनं, मी विचारलं.
हळद शिजवायच्या काहिलीकडून लांब पडतं,
पाणवठ्याकडून थोडं कमी,
म्हशी जातात ती वाट म्हशींनाच ठाऊक.
सर खूश झाले. वाटा असू देत गं शंभर,
अंतर एकच. सगळ्यांत आखूड ते.
रेषेला जिथं काटकोनात भेटेल
त्या जागेला म्हणायचं लंबपाद.
पाद म्हणजे पाय, असं ते सांगेपर्यंत
धनपालला दुसरा अर्थ सुचला होता.

दारात एक टोक मी धरलं.
दोरी पुरेना. तीनदा उचलून मांडली.
त्र्याऐंशी मीटर आणि एक वीत.
वहीतली वीत खोडायला सरांनी पेन काढलं,
मग काय वाटलं, राहू दे म्हणाले.

परतताना चालता चालता दोन गोष्टी सांगितल्या:
बिंदू रेषेवरच असेल तर अंतर शून्य.
आणि अंतर कधी ऋण नसतं.

तीन वर्षांनी, ऑगस्टात,
रेषा आमच्याकडे चालत आली. घाई नव्हती तिला.
दुपारी साठ मीटर. दिवेलागणीला वीस.
आई पायरीवर विटेच्या तुकड्यानं खुणा करत होती,
मी मनात वजाबाक्या.
पहाटे उंबऱ्याला लागलं. शून्य.
मला खरंच वाटलं, आता थांबेल,
शून्याच्या पुढं जायला जागाच नाही.

आधी चूल गेली. मग पिठाचा डबा,
मग कपाटाचा खालून दुसरा कप्पा,
ज्यात ती वही होती.

दुसऱ्या रात्री शाळेच्या गच्चीवर बॅटरी हलली.
मधे गल्ली, गल्लीत कृष्णा.
धनपाल कमरेला दोरी बांधून निघाला,
पण समोरून नाही. वरच्या अंगाला, वडापाशी उतरला,
तिरका वाहत वाहत आमच्या खिडकीला लागला.
आखूड वाट ती नव्हती.
पोचणारी तेवढीच होती.

आई, मी, शेजारची बानू खाला,
अंधारात तळहाताखाली गाठी मोजत गेलो.
पलीकडून सर ओरडत होते,
दोरीला अंतर देऊ नका, पोरींनो, अंतर देऊ नका!
एकोणीस गाठी. आईला विचाराल तर वीस.

भिंत रंगवताना ती मळकट रेघ मी ठेवून घेतली.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं:
उणे साडेचार फूट.

गेल्या दिवाळीत सर आले. आता काठी लागते.
भिंतीपाशी थांबले, चष्मा पुसला,
पुन्हा वाचलं. मी वाटच बघत होते.
म्हणाले,
एकक लिहिलंस, ते बरं केलंस.