आई दाखवा

पहिलं पिल्लू घेतलं वारज्याच्या पुलाखाली,
एका पांढऱ्या गाडीच्या डिकीतून.
संध्याकाळचे साडेसात. त्याच्या एका हातात फोन,
दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं ते.
लॅब्रॅडोर, एकदम प्युअर, कागद नंतर कुरिअरने.
"आई कुठंय याची?" स्वरदानं विचारलं.
"फार्मवर," तो म्हणाला, आणि नोटा मोजू लागला.
कुठलं फार्म, ते मीही विचारलं नाही.
घासाघीस करून दोन हजार कमी केले होते,
मी त्या आनंदात.

अकरा दिवस.
सातव्या दिवशी रक्त पडायला लागलं.
डॉक्टर नवाथे सलाईन लावता लावता विचारत होते,
लस? जंताचं औषध? आणलं तेव्हा किती दिवसांचं होतं?
मी फाईल चाळत राहिलो.
फाईलमध्ये एक बिल होतं.
बिलावर रक्कम होती.

गुंड्याचा पट्टा स्वरदाच्या कंपासपेटीत आहे.
कंपास बदलली दोनदा. पट्टा नाही.

दोन वर्षांनी मुठ्याच्या रस्त्याला, भूगावच्या पुढं,
भिंताडेबाईंकडे गेलो. जनावरांच्या दवाखान्यात
तीस वर्षं कंपाउंडर होत्या बाई.
बसा म्हणायच्या आधी म्हणाल्या,
"चपला बाहेर. हात त्या बादलीत धुवा.
आधीचं कशानं गेलं?"
आम्ही सांगितलं.
"दोन वर्षं झाली ना? मग या आत."

आई दाखवा म्हणायची वेळच आली नाही.
बायजा स्वतःच आली, पिवळी, थोडी सैल पडलेली,
माझी पँट हुंगली, मोजे हुंगले,
आणि पिल्लांच्या दारात आडवी जाऊन बसली.

मग बाईंनी वही काढली.
कितवा मजला? लिफ्ट बंद पडते का?
घर स्वतःचं की भाड्याचं? बदलीची नोकरी?
मे महिन्यात गावाला जाता, तेव्हा काय?
सत्तावीस वर्षांपूर्वी नाशकात पोहे खाता खाता
असेच प्रश्न मी एका मुलीला विचारले होते.
ती मुलगी आता माझ्या शेजारी बसली होती,
हसू दाबत.

"दुपारी घरी कोण?"
"तसं... कोणी नाही."
"हं," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं काहीतरी,
बरंच लांब.

एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला.
हे खुब्याचे सांधे. हे बायजाचे, हे पिल्लांच्या बापाचे.
"आणि ही तारा," पलंगाखालचं एक शेपूट हललं,
"हिच्या फोटोत दोष निघाला.
हिला पिल्लं होऊ दिली नाहीत.
राहते इथंच. फुकट जेवते."
शेवटचं वाक्य बोलताना पायाने तिची पाठ
खाजवत होत्या बाई.

माझ्या खिशात पाकीट होतं, जाड.
मी ते दोनदा चाचपलं.
"यावेळी नाही जमायचं," बाई म्हणाल्या.
"दुपारचं बघा आधी.
पुढचं वेत दीड वर्षानं. मधे तिला मोकळं ठेवते.
आणि नेलंत, आणि नाही झेपलं,
तर इथंच आणून सोडायचं. कधीही. रात्री दोनला आलात तरी.
हे लिहून घेते मी सगळ्यांकडून."

मी म्हटलं, थोडे जास्त दिले तर?
बाईंनी वही मिटली.

परत येताना मी चांदणी चौकापर्यंत बडबडत होतो,
काय तो तोरा, गिऱ्हाईक आहोत आपण,
वगैरे.
मागं स्वरदा गप्प.
मला वाटलं रडतेय.
आरशात बघितलं, तर हाताचा वास घेत होती.

आता फ्रिजवर एक तक्ता लागलाय, पट्टीनं आखलेला.
सोमवारी दुपारी मी, लवकर सुटून.
बुधवारी तिची आई, घरून काम.
गुरुवारी शेजारचे कुरेशीकाका, त्यांना विचारलंय,
शुक्रवारी ती स्वतः, क्लास सकाळचा करून घेतलाय.
ज्याचा अजून जन्म नाही,
त्याच्या दुपारी वाटून झाल्यात.
मंगळवारचा चौकोन तेवढा रिकामा आहे.