वेगळ्या वाटीत

नोव्हेंबरात कुहमोमध्ये
उजेड दुपारी अडीचलाच आवरायला लागतो.
म्हणून आइलीने खुराड्यात बल्ब टांगला,
पहाटे चारला आपोआप लागणारा,
पिवळा, मिणमिणता. जास्त नको,
नाहीतर एकमेकींची पिसं उपटतात.

तलंगा सहा. तुरे लाल झालेत,
पाठीवर हात ठेवला की दबून बसतात.
तरी काल भुशात जे सापडलं
त्याला कवचच नव्हतं,
नुसता पापुद्रा, कोमट,
हातावर घेतला तर लिबलिबणारा.

तौनो आठवडाभर बोलत नव्हता.
विजेच्या बिलावरून निघालेलं भांडण
कुठल्या कुठे जाऊन बसलं होतं.
त्याने तो पापुद्रा पाहिला,
खिडकीतले शिंपले उचलले
(नॉर्वेच्या किनाऱ्यावर दोघांनी वेचलेले,
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी)
आणि टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडले.

"दाण्यात कालवू नकोस," एवढंच म्हणाला,
"वेगळ्या वाटीत ठेव.
जिला लागेल ती घेईल."

आज चारला आइलीला जाग आली.
बाहेर बर्फावर पिवळा चौकोन,
त्यात त्याच्या बुटांचे ठसे,
खुराड्याकडे जाणारे.
परतीचे अजून नव्हते.
तिने कोट शोधायला घेतला.