उन्हाची घाई

पेकालोंगानची नदी पाहिली की कळतं
आज कुणाकडे मोठी ऑर्डर आहे.
सोमवारी जांभळी होती. काल दुपारी
एका काठाला तांबडी, दुसऱ्या काठाला निळी,
मधे कुठेतरी दोघी एकमेकींत मिसळून मातकट.

माझी आई, वागियेम, तिच्या वाट्याचा रंग
रोज संध्याकाळी परसामागच्या गटारात ओतते.
त्याच रंगातून माझी फी गेली,
सेमारांगचं वसतिगृह, पहिला चष्मा
आणि ही पांढऱ्या कोटातली अक्कल.

सुट्टीत मी चिमूटभर पूड घेऊन आलेय.
झाकणबंद मुशीत युरिया भाजला, साडेपाचशे अंशांवर.
खताचा उग्र दर्प भट्टीतच गेला,
मागे उरलं हे, हळदीहून फिकं.
कण केवढा ते सांगू लागले
तर आईनं स्वतःचा केस पुढे केला: याहून बारीक?
याचे उभे दहा हजार काप कर, त्यातला एक.
"मग हरवेल गं," म्हणाली
आणि मेणाच्या कढईकडे वळली.

ठेच्याची रिकामी बरणी. तिच्याच टबातलं किरमिजी पाणी.
पूड ढवळली, बरणी कौलांवर ठेवली.
ऊन आत शिरतं, कणाला ढोसतं,
एक इलेक्ट्रॉन जागचा उठून जातो,
आणि त्याची रिकामी जागा काही स्वस्थ बसत नाही.
पाण्याला चिथावते; उठलेला तो, हवेला.
मग ती दोघं मिळून
रंगाच्या रेणूचे सांधे निखळवत सुटतात.
प्रयोगशाळेत नव्वद मिनिटं.

इथं तिसरा दिवस.
मेणाचा तवंग, सोडा, मीठ, जावाचे ढग.
पाणी अजून गुलाबी, हट्टी.

आईनं बरणी उचलून उजेडात धरली.
"चाळीस वर्षं कापड सावलीत वाळवतेय मी.
ऊन रंग खातं, हे कळायला
सेमारांगला जावं लागतं होय?"
बऱ्याच वेळानं, कापडावरची नजर न काढता:
"पण त्याला घाई नसते.
तू त्याला घाई शिकवतेयस."

वहीत मी हे लिहिलं नाही.
लिहिलं: तिसरा दिवस, ढगाळ, निम्म्याहून जास्त शिल्लक.

पाचव्या दिवशी तळाशी पिवळा गाळ बसला.
वरचं पाणी नितळ म्हणवत नाही,
पण बरणीतून पलीकडे
कास्मुरीकाकांचा कोंबडा दिसला, तुऱ्यासकट.

"गेला कुठे रंग?"
थोडा हवा झाला, मी म्हटलं, थोडा पाणी.
थोड्याचं काय झालं, ते अजून मोजायचंय.
"ते आधी मोज."

मग टब कमरेवर घेऊन ती गटारापाशी गेली
आणि ओतायच्या आधी थांबली.
नखांच्या कडांत किरमिजी तसाच,
तिथं कुठलंच ऊन पोचलं नव्हतं.

"अजून एखादी बरणी आहे का बघ," म्हणाली.

टब चाळीस लिटरचा आहे.