खालचा रे

फाइलीत शेवटपर्यंत एकच नोंद होती :
अकॉर्डियन वाद्यवृंद, तात्पुरता.
चौतीस वर्षं तात्पुरता.

पहिली सहा वाद्यं
बुडालेल्या एका सर्कशीच्या लिलावातली,
विद्यापीठानं घेतली खुर्च्यांसोबत, एकाच पावतीत.
एकाच्या पोटात उंदरीण व्यालेली.
कुलसचिव म्हणाले, हे वाजवणार कोण?
भौतिकशास्त्राच्या दारात स्टुलावर बसलेले
प्रयोगशाळा परिचर शामुवेल आवळे
म्हणाले, बघतो की.

भाते फाटलेले. मुंबईला धाडायचे तर तरतूद नाही.
सर सायकलला बांधून एकेक घेऊन गेले सुभाषनगरात,
चपला शिवणाऱ्या बयाक्का शिंग्यांच्या दारी.
तिनं भाता उघडला, मिटला, पुन्हा उघडला,
'एवढा मोठा उसासा कुणाचा रं ह्यो?'
आणि शेळीच्या कातड्यानं शिवून दिला.
म्हणून आमच्या पहिल्या कार्यक्रमाला
सभागृहात नव्या चपलांचा वास होता,
आणि हळू सुरांच्या मागं कुठंतरी
करकर.

मी सातवी. पहिली मुलगी.
सातवं वाद्य चर्चच्या अडगळीतनं आलेलं.
रेक्टरबाई म्हणाल्या, हे धूड पोरींनी छातीवर बांधायचं?
सर काही बोलले नाहीत.
आरीनं पट्ट्याला दोन भोकं वाढवली
आणि माझ्यापुढं धरलं,
लहान पोरासमोर झबलं धरावं तसं.

पहिला महिनाभर सूर नाहीच.
डाव्या अंगठ्याखाली एक बटण असतं,
ते दाबलं की नुसती हवा येते-जाते.
'सूर कुठं पळून जात न्हाई. आदी दम.'
व्हर्नियरच्या आणि भिंगांच्या कपाटांमध्ये
सात जण नुसते श्वास घेत बसायचो,
रखवालदाराला बाहेरून वाटायचं
आत एखादं मोठं जनावर झोपलंय.
शिरोळचा बाळगोंडा, तालमीतला गडी,
वजन अकरा किलो ऐकून आला होता.
एका मंगळवारी त्यानं भात्याचे दोन तुकडे केले
आणि रडला.
सर म्हणाले, चल बयाक्काकडं, तूच सांग तिला.

पंचगंगा शाहूपुरीच्या सहाव्या गल्लीत आली त्या वर्षी
चार वाद्यं सरांच्या घरी होती, सूर लावायला.
सरांनी आधी शेजारच्या शिलाई-मशिनी वर चढवल्या, तीन,
मग कुणाचं तरी अधू कुत्रं,
मग गिरणी खोलून तिची मोटर.
अकॉर्डियन राहिली.
पाणी ओसरल्यावर प्रत्येकातून
ओंजळभर नदी निघाली.

गच्चीवर वर्तमानपत्रं अंथरून
त्यांनी रीडच्या जिभल्या वाळत घातल्या, हजारावर,
प्रत्येकीखाली पेन्सिलीनं आकडा.
एक कावळ्यानं नेली.
चार नंबरचा खालचा रे.
तसली पुन्हा मिळाली नाही,
की सरांनी शोधलीच नाही, मला खात्री नाही.
त्यांनी चालीत त्या जागी थांबा लिहिला,
सगळ्यांनाच, अकराही जणांना,
चार नंबरवालं पोर एकटं उघडं पडायला नको.

सर निवृत्त झाले ते परिचर म्हणूनच.
पेन्शनच्या कागदांत संगीताचा स नाही.
ते कागद मीच तपासले, कोषागारात.
दोनदा.

ते गेल्यानंतरच्या दीक्षान्ताला गेले होते,
मागच्या रांगेत बसले.
पोरं नवी, वाद्यं नवी, चार नंबर ठणठणीत.
चाल तीच. आणि त्या जागेवर
अकराच्या अकरा थांबली.
का, ते त्यांना ठाऊक नसावं. लिहिलंय म्हणून.
पुढं कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.
शेजारच्या गृहस्थांनीही हात उचलले.
मी त्यांचं मनगट धरलं, ओळख ना पाळख,
थांबा की, म्हटलं.