जनरेटर लागला नाही

पिसुर्ल्याच्या बंद खाणीवर शूटिंग आहे म्हणून
केयूर नावाच्या पोराने माझा जनरेटर ठरवला,
दिवसाचे साडेतीन हजार, डिझेल वेगळं.
पहाटे पाचला मी पिकअप घेऊन हजर.
सोबत उंडे, पातळभाजी, आणि हेल्पर म्हणून मेव्हण्याचा पोरगा.

बँडमध्ये चौघं. गिटारवाला ऑस्कर हळदोण्याचा,
ड्रमवाली शर्वाणी फोंड्याची,
उरलेल्या दोघांची नावं शेवटपर्यंत कळली नाहीत,
ते बोलतच नव्हते. तसंच असतं म्हणे.

ड्रम मांडला खड्ड्याच्या कडेवर,
जिथे शेळीसुद्धा थांबत नाही.
लाल मातीत ओळीने चार अ‍ॅम्प्लिफायर.
मी वायरचं भेंडोळं घेऊन गेलो तर केयूर म्हणाला,
काका, नको.
नको म्हणजे?
म्हणजे गाणं फोनवर लागणार,
हे नुसतं वाजवल्यासारखं करणार.

गिटारची वायर डोळ्यांनी धरून मी चालत गेलो.
दगडाला वळसा घालून ती
रानमोडीच्या झुडपात शिरली, आणि तिथे संपली.
पितळी टोक, दवाने ओलं.
कुठेच न जाणारी वायर
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मग पांढऱ्या झग्यातली एक मुलगी धावली, अनवाणी,
खाणीत, अनवाणी!
कुणापासून, ते कुणी विचारलं नाही.
सात वेळा धावली. सातव्यांदा तिने मागे वळून पाहिलं
तेव्हा सगळे म्हणाले, हां.
एकजण सशाचं तोंड घालून सोफ्यावर बसला,
सोफा डिचोलीहून आणलेला, मुद्दाम फाटका निवडून.
गुलाबी धुराचे डबे फुटले, बगळे उठून गेले.
जुना टीव्ही मातीत ठेवला, त्यात मुंग्या दिसायला हव्या होत्या.
मला वाटलं, आता तरी वीज लागेल.
मुंग्या नंतर घालू, केयूर म्हणाला.
हसायचं मात्र कुणी नाही. शर्वाणी हसली की कट.

जेवताना कळलं, चित्र मागाहून खराब करणार आहेत:
दाणे दाणे, रंग विटलेले, मध्येच थरथर.
माझ्या लग्नाची कॅसेट तशीच आहे, माळ्यावर.
तिला बावीस वर्षं लागली,
पण पैसे पडले नाहीत.

दुपारी त्यांना भिकू गावसाचा टिपर दिसला.
आता तो चिरे वाहतो. त्याआधी खनिज वाहायचा,
तेव्हा तो मी चालवायचो.
काका, एक खेप ओताल?
जुन्या ढिगाऱ्यातून भरला, चढावावरून उतरवला,
हौदा उचलताना लिव्हरला हात आपसूक गेला.
ओतून झाल्यावर म्हणाले, इथे उभे राहा,
कॅमेऱ्यात बघा, काही करू नका.
काही न करणं मला जमतं.
खाण बंद झाल्यापासून सरावच आहे.

संध्याकाळी डिझेलचे पैसे परत करायला गेलो.
राहू द्या, म्हणाला. भरलेली टाकी घेऊन घरी आलो.

चवथीला सुलक्षाने फोन माझ्यापुढे धरला.
सगळं उलटं लावलं होतं पोरांनी.
मुलगी मागे मागे धावत होती, धूर डब्यात शिरत होता.
मग मी.
माझ्या पाठीमागे लाल ढीग हलला, उठला,
दगडन् दगड उडी मारून हौद्यात चढला,
धूळसुद्धा, शेवटच्या चिमटीपर्यंत.
हौदा खाली बसला, आणि भरला टिपर
पाठमोरा चढाव चढत
डोंगराकडे परत गेला.
मी तसाच उभा, काही न करता.

तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, सुलक्षाची आई म्हणाली.
मी म्हटलं, परत लाव.
तिने परत लावलं. मग आणखी एकदा.
मग मी विचारलं, याहून मागे जात नाही का?
बाबा, ती म्हणाली,
चार मिनिटांचंच आहे ते.